आचोळ्याच्या विहिरीतला लाल शेपटीवाला

रामनाथ घरत माणसांना नावाने ओळखत नाही, विहिरीने ओळखतो. लग्नाच्या पंगतीत समोर कोण बसलंय हे त्याला समजवायचं तर "ती चिंचेखालची विहीर, कठडा ढासळलेली, त्यांचा मधला," असं सांगावं लागतं. मग त्याला ओळख पटते आणि तो हात जोडतो. मी त्याच्या घराला खेटून उभ्या असलेल्या इमारतीत राहायला आलो, तेव्हा पहिली दोन वर्षं मीही त्याच्या लेखी 'टाकीचं झाकण फुटलेलं बिऱ्हाड' होतो. माझं आडनाव परब आहे हे त्याने झाकण बदलल्यावर विचारून घेतलं.

आचोळ्यात तेव्हा भातशेती आवरत आली होती आणि इमारती उठत होत्या. जुन्या विहिरी मात्र मधल्यामध्ये तशाच राहिल्या होत्या, कुणाच्या मागच्या अंगणात, कुणाच्या पार्किंगमध्ये. अशा एकसष्ट विहिरी रामनाथच्या ताब्यात. म्हणजे मालकीच्या नव्हेत. तो नगरपालिकेच्या हिवताप विभागात रोजंदारीवर होता आणि या विहिरींत गप्पी मासे सोडणं हे त्याचं काम. बोटाच्या पेराएवढा मासा, डासांच्या अळ्या खातो, बाकी कुणाच्या अध्यात ना मध्यात. रामनाथ सकाळी रंगाच्या रिकाम्या बादलीत पाणी आणि मासे घेऊन निघायचा, प्रत्येक विहिरीत डोकावायचा, मासे कमी दिसले तर आणखी सोडायचा. नऊ वर्षं हेच. दरवर्षी कायम होणाऱ्यांची यादी निघायची आणि दरवर्षी ती रामनाथच्या नावाच्या थोडी अलीकडेच संपायची.

एवढं सरळ काम माणसाने सरळ करावं की नाही? पण याला माशांचा नाद लागला. खिडकीत, ओट्यावर, कणगीवर, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, जिथे हात पुरेल तिथे काचेच्या बरण्या. प्रत्येकीत मासे.

"भाऊ, तुमीच सांगा," कमळीवहिनी, म्हणजे रामनाथची बायको, मला बघितलं की सुरू व्हायची. "कैरीचं लोनचं मी डालड्याच्या डब्यान घातलं. बरन्या सगल्या यांच्या पोरांना."

"पोरं कुठे, वहिनी, त्या सवती आहेत तुमच्या."

"सवत परवडली. ती घरान पानी तरी भरंल."

रामनाथचं या बोलण्याकडे लक्ष नसायचं. तो बरणी उन्हात धरून बघत बसायचा. एकदा मलाही त्याने बसवलं. बरणीत एक मादी होती, राखाडी, कुणाच्या नजरेत न भरणारी. बाकीचे तिचे मुलगे.

"मादी बगा. कुठली बी विहीर घ्या, सगल्या अशाच, भांड्याला लावायच्या राखेच्या रंगाच्या. आता नर बगा. ह्येच्या शेपटीला काला ठिपका. ह्येला नारंगी पट्टा. ह्येच्या कुशीवर निलं, उनान आलं तरच दिसतं. एक आय, अकरा मुलगे, आनि एकाचा सदरा दुसऱ्याला नाय."

"आई एक, हे कळलं," मी म्हटलं. "बाप किती?"

रामनाथ लाजला नाही. "चार-पाच असतील. ती एकाचंच ऐकत नाय. आनि तिला नवा दिसनारा लागतो, भाऊ! दुसऱ्या विहिरीतला नर आनून टाकला की सगल्या माद्या त्येच्याच मागं. घरच्यांना कोन इचारीत नाय."

"ऐकलंत ना वहिनी?"

"ऐकलं," आतून आवाज आला. "म्हनून तर मी यांना दुसऱ्या गावची मिलाली."

यावर रामनाथने एक तत्त्वज्ञान उभं केलं होतं, ते नीट सांगतो, कारण पुढे त्याचाच प्रश्न आला. त्याचं म्हणणं, प्रत्येक विहिरीत सुरुवातीला त्याने चार-पाचच नर सोडले, त्यामुळे त्या विहिरीच्या पुढच्या पिढ्यांत त्या चार-पाचांचंच रूप फिरत राहतं. जसे घरतांचे कान. कुठल्याही घरताला पाठमोरा बघा, कान सुपासारखे. तोंडं वेगळी, कान तेच. तसे कुठलेही दोन मासे सारखे नसतात, पण विहिरीचा कान ओळखू येतो. आणि खरंच यायचा. मी दोनदा त्याची परीक्षा घेतली होती, मनवेलपाड्याकडच्या त्याच्या विहिरींतले मासे बाटलीत आणून. दोन्ही वेळा त्याने विहीर सांगितली. दुसऱ्या वेळी तर "बाटलीतलं पानी बदलून मासे आनायचे असतात" म्हणून मला दमही दिला.

पलीकडे गासला क्लेमेंटीनबायच्या वाडीत एक बावखल आहे. तिची केळी आणि मोगरा त्या खोल तळ्याच्या पाण्यावर वाढतात. तिथले नर मात्र अगदीच फिके, ठिपका असला तरी मोहरीएवढा. मी म्हटलं, हे काय गरीब नातेवाईक का? रामनाथ म्हणाला, "त्या बावखलान मरल मासा हाय, वर खंड्या बसलेला असतो. जिथं खानारा हाय तिथं मिरवून भागत नाय. जो मिरवला तो गेला, त्येची पोरं कुठून येनार? आपल्या विहिरीन कोन खानारा नाय. म्हनून हे बगा कसे नटलेत."

आता माझं पाप सांगतो.

नव्याण्णव साली नालासोपाऱ्याला अल्पेशने रंगीत माशांचं दुकान काढलं. काचेच्या पेट्या, बुडबुडे, निळा दिवा. रामनाथ त्या दुकानाची पायरी चढला नाही. मासा विकत घेणं म्हणजे त्याच्या मते हवा विकत घेणं. मी मात्र चढलो, आणि तिथे मला गप्पीच दिसले, पण काय गप्पी! शेपटी नुसती लाल नव्हे, पैठणीचा पदर सोडल्यासारखी मागे पसरलेली. माझ्या डोक्यात जे यायला नको तेच आलं. मी त्यातला एक नर पिशवीत घेतला आणि श्रावणातल्या एका दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, आमच्या इमारतीमागच्या विहिरीत, झाकणाच्या फटीतून, सोडून दिला. हेतू एवढाच की रामनाथचं तोंड बघायचं.

चार दिवसांनी ते बघायला मिळालं. विहिरीवरून तो माझ्या नावाने ओरडत आला. हो, चक्क नावाने.

"परबभाऊ! परबभाऊ, खाली या, चप्पल नका घालू, असेच या!"

मी गेलो. बादलीत लाल शेपटीवाला मिरवत होता.

"ह्यो तुमच्या विहिरीन झाला," रामनाथ म्हणाला. त्याचा आवाज देवळात असल्यासारखा. "आपोआप. आय राखाडी, बाप ठिपक्याचा, आनि त्येंच्या पोटी ह्यो. नऊ वर्सं वाट बगत होतो, म्हटलं एवढी रूपं येतात तर कंदी तरी न बगितलेलं येनार. आलं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन मिनिटं हसलो असतो, त्याने चार शिव्या दिल्या असत्या, संपलं असतं. पण त्याने ती बादली अशी धरली होती, जशी बारशाला बाळ मांडीवर धरतात. माझी जीभ, जी कधी थांबत नाही, ती तिथे थांबली. मी म्हटलं, "वा." त्यानंतर रोज एक दिवस उशीर होत गेला. रामनाथने त्याला सगळ्यांत मोठी बरणी दिली, सोबत आमच्याच विहिरीतली एक मादी ठेवली, आणि आचोळ्यातल्या प्रत्येक घरी जाऊन 'आपोआप झाला' सांगून आला.

दुसरं पाप गणपतीतलं. मंडळाच्या मांडवात पत्ते चालले होते, कुणीतरी रामनाथच्या लाल शेपटीवाल्याचा विषय काढला. मी पानं पिसता पिसता म्हटलं, "अरे, रामनाथचे मासे आता विहिरीत कुठे राहतात? अल्पेशच्या शोकेसमध्ये बसतात. बादली पालिकेची, गिऱ्हाईक अल्पेशचं." सगळे हसले. मीही हसलो. त्यातला कोण घरी जाऊन हसला नाही आणि कागद घेऊन बसला, हे मला आजही ठाऊक नाही.

दसऱ्यानंतर एका शनिवारी नगरपालिकेतून स्वप्ना मॅडम आल्या. वयाने लहान, कीटकशास्त्र शिकलेल्या, हातात फाइल. रामनाथच्या ओट्यावर त्यांना खुर्ची दिली. शेजारी म्हणून मलाही बोलावलं.

"घरतकाका," मॅडम म्हणाल्या, "यंदाच्या यादीत तुमचं नाव आहे. सातवं. आणि आठ जागा आहेत."

कमळीवहिनीने आतून बाहेर येऊन पदराने ओटा पुसायला घेतला, जो आधीच स्वच्छ होता.

"पण निनावी अर्ज आलाय. तुम्ही खात्याचे मासे दुकानात विकता म्हणून. विहिरी मी चार दिवस फिरून पाहिल्या, मासे आहेत. पण विकत नाही हे कशावरून? सोमवारी मला अहवाल द्यायचाय. काही निघालं तर नाव यादीतून जाईल, आणि रोजंदारीसुद्धा."

अर्जातली वाक्यं मॅडमनी वाचून दाखवली. 'बादली पालिकेची, गिऱ्हाईक दुकानदाराचे.' आपलंच वाक्य दुसऱ्याच्या अर्जात ऐकायला फार वाईट लागतं.

मॅडमनी पिशवीतून प्लास्टिकची थैली काढली. "हे अल्पेशच्या दुकानातून आणलेत. तुमचे का?"

थैलीत आठ नर. आठही लाल शेपटीचे. रामनाथने थैली उन्हात धरली आणि त्याला हसूच फुटलं.

"ह्ये? मॅडम, ह्ये तर बँडवाले! वरातीतले! एक लाल तो सगले लाल. माझ्यांत तुमी दोन सारखे दाखवा, मी आत्ता बादली खाली ठेवतो. ह्ये कुनीतरी निवडून निवडून, सारखे सारखेच ठेवून, बाकीचे टाकून..."

आणि मधेच तो थांबला. थैली त्याच्या हातात तशीच. मान मात्र हळूहळू खिडकीकडे वळली, तिथल्या मोठ्या बरणीकडे.

माझ्यासारखा माणूस असता तर त्याने खिडकीला पाठ लावून उभं राहून विषय बदलला असता. रामनाथ उठला, ती बरणी दोन्ही हातांनी उचलून आणली आणि थैलीच्या शेजारी ठेवली.

"मॅडम, ह्यो त्येंच्यातलाच हाय," तो म्हणाला. "कुठून आला मला म्हाईत नाय. मी समजत होतो विहिरीन झाला."

मॅडमनी बरणीकडे पाहिलं, थैलीकडे पाहिलं, आणि पेनाचं टोपण काढलं. "काका, दुकानातला मासा तुमच्या घरात. हे मला लिहावं लागेल."

"लिवा," रामनाथ म्हणाला. "हाय ते हाय."

कमळीवहिनी माझ्याकडे बघत होती. तिला काही माहीत नव्हतं, बाईमाणूस सहज बघतं तसं. पण मला ते सहन झालं नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "तो मासा मी विकत आणला आणि मीच विहिरीत टाकला. गंमत म्हणून. आणि ते बादलीचं वाक्यही माझंच आहे, अर्ज माझा नाही."

यावर शांतता पसरावी, कुणी रागाने बघावं, अशी माझी अपेक्षा. झालं भलतंच. रामनाथ मॅडमना म्हणाला, "नाय, नाय, त्येंचं ऐकू नका. मला वाचवायला बोलतात. त्येंना सवय हाय."

"भाऊंचं कोन खरं धरतं?" वहिनीही म्हणाली. "गेल्या शिमग्याला भाऊंनी मला सांगितलं, पालिका बरन्या जप्त करनार. मी दोन दिवस कनगीन लपवल्या."

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही खरं बोलताय याला कुणी साक्षीदार?"

जन्मभर थापा मारल्या तेव्हा कुणी साक्षीदार मागितला नव्हता. एकदा खरं बोललो तर मागितला. मी म्हटलं, चला अल्पेशकडे.

रिक्षात आम्ही तिघं, रामनाथच्या मांडीवर बरणी. बरणीतलं पाणी सांडू नये म्हणून खड्डा आला की तो नुसता बूड उचलायचा. दुकानात अल्पेशने आधी मला ओळखलंच नाही.

"दिवसाला पन्नास मानूस येतो, साहेब. चेहरा कसा ध्यानात राहनार?"

"श्रावणात. दुपारी. एक लाल शेपटीवाला."

"एक?" अल्पेशचे डोळे मोठे झाले. "अरे हां! एकच नर मागत होते! मी बोललो, शेठ, जोडी घ्या, एकटा काय करनार? तर बोलले, त्याला सासुरवाडीला पाठवायचाय! मॅडम, दुकान काढल्यापासून एकटा नर नेनारा हाच एक मानूस. मी घरी जाऊन बायकोला पन सांगितलं."

मॅडमच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, पण त्या पुन्हा साहेब झाल्या. "आणि या काकांकडून तुम्ही कधी मासे घेतलेत? विहिरीतले?"

अल्पेशने रामनाथकडे पाहिलं, बरणीतल्या त्या राखाडी मादीकडे पाहिलं, आणि मोकळेपणाने हसला. "विहिरीतले? मॅडम, ते फुकट दिले तरी कोन ठेवनार? पेटीत टाकले तर दिसनार पन नाय. गिऱ्हाईक विचारेल, पेटी खाली का? माझा माल कुर्ल्याहून येतो, सगला एकसारखा. एक जरी वेगला निघाला तर मी परत पाठवतो."

रामनाथ सुटला. पण सुटलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. चोर म्हटल्यावर जो शांत होता, तो आता लालबुंद.

"परत पाठवतो?" त्याने विचारलं. "वेगला निघाला तर?"

"धंदा आहे काका."

रामनाथने बरणीत हात घातला, लाल शेपटीवाला अलगद ओंजळीत धरला आणि अल्पेशच्या पेटीत सोडला. तो त्याच्यासारख्याच पंधरा-वीस जणांत गेला, आणि पुढच्या क्षणी तो कुठला हे रामनाथलाही सांगता आलं नसतं. मॅडमनी तिथेच काउंटरवर अहवाल लिहिला. माझी सही घेतली, अल्पेशची घेतली.

परतताना रिक्षात रामनाथ एकच वाक्य बोलला, तेही माझ्याशी नव्हे, समोरच्या रस्त्याशी. "म्हंजे आपोआप नाय झाला."

त्यानंतर अडीच महिने माझ्याशी अबोला. दर महिन्याला तो आमच्या विहिरीवर यायचा, डोकावायचा, वहीत खूण करायचा आणि वर माझ्या खिडकीकडे न बघता जायचा. मी खिडकीतून दोन-तीन विनोद टाकून पाहिले. विनोद विहिरीत पडले. आमची ही म्हणाली, "आता तोंड बंद ठेवा, तेवढीच त्याला मदत." मी प्रयत्न केला. नाक्यावर लोकांना वाटलं माझी दाढ काढली.

संक्रांतीनंतर यादी लागली. सातवं नाव, रामनाथ घरत, कायम. मला हे कमळीवहिनीकडून कळलं. तिने इमारतीतल्या सोळाही घरी पेढे दिले, आमच्या घरी दोन जास्त. "भाऊ, तुमी त्या दिवशी बोललात ते खरं होतं तर," ती म्हणाली, "मग मी बरन्या उगीच बाहेर काडल्या." तिचं गणित मला कळलं नाही, पण पेढे मी खाल्ले.

संध्याकाळी ऊन कलताना रामनाथ स्वतः दारात उभा. हातात एक बरणी. "परब," तो म्हणाला. भाऊ गळलं होतं. "गच्चीवर चला. इथं उजेड नाय."

गच्चीच्या कठड्यावर त्याने बरणी ठेवली. लाल शेपटीवाला गेला, पण त्याच्यासोबत ठेवलेली ती मादी मागे राहिली होती, आणि ती रिकामी राहिली नव्हती. बरणीत तिचे नऊ मुलगे होते, तीन महिन्यांचे, नुकते रंगात आलेले.

मी पाहिलं. बापाची पैठणी एकाच्याही अंगावर पुरती नव्हती. एकाची शेपटी आखूड, पण तिच्या टोकाला लाल कड. एकाला आमच्या विहिरीचा काळा ठिपका आणि त्याच्याभोवती लाल कडं. एकाच्या कुशीवर निळं आणि त्यात लालाचे चार शिंतोडे. एक तर अगदी राखाडी, मी म्हटलं याला काहीच मिळालं नाही, तर तो वळला आणि त्याच्या पोटाखाली ऊन लागून सोन्यासारखं चमकलं. हे मी नऊ वेळा केलं, एकेकाला बोट लावून, आणि दोन सारखे सापडले नाहीत.

"अल्पेस ह्ये नऊच्या नऊ परत पाठवंल," रामनाथ म्हणाला.

"पाठवेल," मी म्हटलं.

"तुमी टाकला नसता तर ह्ये झाले नसते." तो हे माफी दिल्यासारखं म्हणाला नाही. विहिरीची नोंद करावी तसं म्हणाला. मग थोडा वेळ बरणी फिरवत राहिला. "पन मी नऊ वर्सं वाट बगितली, परब. तुमी तोंड उघडलं असतंत तर मी दोन महिने गावभर सांगत फिरलो नसतो. चिंचेखालच्या विहिरीची म्हातारी मला अजून इचारते, तुजा आपोआप झालेला कसा हाय."

"काय सांगतोस तिला?"

"सांगितलं, वारला."

मला हसू आलं ते मी दाबलं. त्याला दिसलं असावं, कारण त्याच्या सुपासारख्या कानांच्या पाळ्या हलल्या. मग त्याने बरणी उचलली आणि जिन्याकडे निघाला. मी विचारलं, कुठे?

"विहिरीवर. बरनीन ठेवून काय, बँड काडायचाय? सोडतो ह्येंना. पुढच्या वर्सी काय निगतं ते विहीर ठरवंल." दोन पायऱ्या उतरून तो थांबला. "या की. झाकन जड हाय विहिरीचं, एक हात लागंल."

मी मागोमाग उतरलो. झाकण खरंच जड होतं.